धर्म शिकायला परदेशात? हो, आणि सरकारी खर्चाने

नरसीच्या नामदेवांची आठवण महाराष्ट्राने सात शतकं कशी सांभाळली, याचा शोध घेतला अमेरिकेतल्या सिएटलच्या ख्रिश्चन नोवेट्झके यांनी. खुलताबादच्या सूफी दर्ग्यांवरचा पायाभूत इंग्रजी ग्रंथ १९९२ साली आला. तो लिहिणारे कार्ल अर्न्स्ट पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात प्राध्यापक राहिले. चक्रधरांच्या मागे पैठणपासून गोदाकाठाने फिरणाऱ्या महानुभावांवर उभं आयुष्य घातलं ॲरिझोनाच्या ॲन फेल्डहाउस यांनी. खंडोबा, बिरोबा आणि धनगरवाड्यांवरच्या मोकळ्या देवांसाठी जर्मनीतून गुंथर सोन्थायमर येत राहिले, तेही उन्हातान्हात.

ही माणसं मोठी आहेत. त्यांची मराठी ऐकली तर आपल्यालाच वरमायला होतं. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाहीच. माझा प्रश्न असा आहे की गेवराईच्या, कंधारच्या, परंड्याच्या मुला-मुलींची नावं या यादीत का नाहीत? आणि ती यावीत म्हणून सरकारने काही करायचं सोडून उलट परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचं दार का लावून घेतलं?

आपल्याकडे काहीच झालं नाही, असं कुणी म्हणू नये. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं वाचून सूफी संप्रदाय मराठीत आणला. संभाजीनगरच्या विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या यू. म. पठाणांनी महानुभाव वाङ्मयात हयात घालवली. नांदेडला कुरुंदकर होते. पण हे काम प्रामुख्याने पोथीचं, इतिहासाचं, वैचारिक निबंधाचं. आज, आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत चाललेलं धर्माचं जगणं समाजशास्त्राच्या रीतीने तपासणारे हात मराठवाड्यात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

समाजशास्त्राच्या रीतीने म्हणजे काय, ते अखंड हरिनाम सप्ताहाच्या वहीवरून सांगतो. आमच्याकडे सप्ताह नाही असं गाव सापडणं कठीण. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. या सगळ्यामागे एक वही असते. दोनशे पानी, पहिल्या पानावर ‘श्री’, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. डावीकडे नाव, पुढे रक्कम, शेवटी ‘जमा’ किंवा ‘बाकी’. कुठे उंबऱ्यागणिक वर्गणी, कुठे एकरी. एकरी असेल तर ज्याला जमीन नाही त्याचं नाव वहीत कोणत्या पानावर येतं? येतं का? गाव सोडून गेलेल्यांसाठी मागे वेगळं पान असतं: भोसरी, चाकण, हडपसर. तिथली वर्गणी हल्ली फोन पेवर येते आणि गावातल्यांपेक्षा जास्त असते. एकेका दिवसाची पंगत कुणाकडे, त्याची यादी फ्लेक्सवर लागते, आणि त्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, यावरून जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा अंदाज बांधणारी जाणती माणसं गावोगाव आहेत.

मग वीण्याच्या पहाऱ्याचा तक्ता बघा. चोवीस तास वीणा उभी ठेवायची म्हणजे पाळ्या लावाव्या लागतात. संध्याकाळी लोक असताना कोण उभा राहतो आणि रात्री दोन ते चार कुणाच्या वाट्याला येते? भोंग्यावरून पुकारा होतो, ‘प्रत्येक घरातून दहा-दहा पोळ्या आणून द्याव्यात.’ गावातली चूल न् चूल पेटते, पण वहीत एकाही बाईचं नाव नसतं; मी पाहिलेल्या वह्यांमध्ये तरी, विधवा खातेदार सोडली तर, नव्हतं. बौद्ध वस्तीतून वर्गणी मागितली जात नाही, कारण १९५६ नंतर त्या वस्तीने हा व्यवहार सोडला. काही गावांत मुसलमान घरं आपणहून गहू देतात. ऊसतोडीच्या गावात सप्ताहाची तिथी आणि टोळ्या परत यायची वेळ यांचा काही मेळ आहे का? मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतला किती वाटा या वहीत उतरतो? नवराबायकोचा एक कोयता जर साखर कारखान्यावर पाच-सहा महिने राबत असेल, तर घरी राहिलेल्या म्हातारीची वर्गणी कोण भरतो?

यातल्या एकाही प्रश्नात ‘देव आहे का’ हा प्रश्न नाही. ज्ञानेश्वरी खरी की खोटी, हाही नाही. श्रद्धा मोजता येत नाही हे कबूल, पण वर्गणी मोजता येते, पाळ्या मोजता येतात, पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं हे पाहता येतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखाइम यांनी १९१२ साली धर्मावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा ते असंच काहीसं म्हणत होते: समाज स्वतःला एकत्र कसा बांधतो, हे त्याच्या विधींतून दिसतं. मॅक्स वेबर यांनी धर्म आणि पैसा यांचा संबंध लावला. आमच्या वर्गात ही दोन्ही नावं गाइडमधून पाठ होतात, दहा मार्कांना. ज्या मुलाच्या घरी सप्ताहाची वही कपाटात ठेवलेली आहे, तोच मुलगा परीक्षेत दुरखाइमच्या ग्रंथातलं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं उदाहरण लिहून येतो. धर्माचं समाजशास्त्र हा पेपर जिथे आहे तिथेही गावात जाऊन आठ दिवस राहायची सक्ती नाही. पीएचडीला विषय मिळतो तो ‘अमुक संतांच्या साहित्यातील सामाजिक आशय’. शेवटच्या प्रकरणात तो आशय आजही प्रासंगिक असल्याचं सिद्ध होतं. आधीच माहीत होतं ते सिद्ध करायला तीनशे पानं कशाला, असं मार्गदर्शक प्राध्यापकाला विचारायची आपल्याकडे रीत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की जा. दोन-चार-सहा वर्षं बाहेर काढा. तिथे देव जास्त कळतो म्हणून नाही. प्रश्न विचारायची, टिपणं काढायची, स्वतःचाच निष्कर्ष उलटून तपासायची शिस्त तिथे वर्षानुवर्षं हातात बसवली जाते. शेजारी बसलेली मुलगी ब्राझीलमधल्या पेंटेकोस्टल चर्चवर काम करत असते, समोरचा सेनेगलमधल्या सूफी पंथावर. तिच्या चर्चमधली देणगीची पद्धत ऐकताना आपल्या वहीतल्या ‘बाकी’ या शब्दापाशी आपण पहिल्यांदा थबकतो. तुळजापूरच्या आराधी बायका, माहूरचे पोतराज, माळेगावच्या यात्रेतला वाघ्या, हे सगळं इतकं डोळ्यांपुढचं आहे की ते विचित्र वाटत नाही. ते विचित्र वाटायला लावणारं अंतर पैसे देऊनसुद्धा घरी मिळत नाही.

पण पैसे देणार कोण, इथे गाडी अडते.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती, विमुक्त आणि भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. जागा १२५, त्यात अनुसूचित जातींना ११५, विमुक्त-भटक्यांना ६ आणि शेतमजूर-कारागिरांना मिळून ४, त्याही अख्ख्या देशात. म्हणजे देवीपुढे संबळ वाजवणाऱ्या घरातली, कडक लक्ष्मीचा आसूड अंगावर ओढून घेणाऱ्या घरातली मुलं जर परदेशी विद्यापीठापर्यंत पोचायची असतील, तर एक महत्त्वाचा रस्ता हाच. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मंत्रालयाने त्यात एक ओळ घातली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती लागू राहणार नाही. समर्थन असं झालं की या विषयांची साधनं आणि जाणकार देशातच भरपूर आहेत, परदेशातली मोजकी संधी दुसऱ्या विषयांसाठी वापरावी.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. हस्तलिखितं इथे, देवळं इथे, माणसं इथे, मग सिएटलला कशाला जायचं? साधनं इथे आहेत, हे खरंच आहे. पण साधन आणि पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हाच न्याय लावला तर परदेशी अभ्यासकांनाही इथेच येऊन शिकावं लागलं असतं. ते साधनांसाठी इथे आले आणि पद्धत घरून घेऊन आले. शिष्यवृत्तीच्या मुलाला मात्र आपण म्हणतो की तू घरी बस, तुझ्याविषयी बाहेरून कुणीतरी लिहील. ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याला ही ओळ अडवत नाही. ती अडवते फक्त त्यालाच, ज्याच्यासाठी ही योजना काढली.

आणि हे त्या माणसाच्या देशात, ज्याने नेमकं हेच केलं. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. विषय भारतीय, समाज भारतीय, साधनं भारतीय. बसले होते न्यूयॉर्कमध्ये. त्या निबंधाची मांडणी आजही बघण्यासारखी आहे. शास्त्रात काय लिहिलंय, ते बरोबर की चूक, या वादात ते अडकत नाहीत. जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे आधी ठरवतात. मग विचारतात की हा नियम टिकवायचा तर एखाद्या गटात नवरा किंवा बायको मेल्यावर मागे उरलेल्या माणसाचं काय करायचं? सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चाली त्या अडचणीवरचे उपाय म्हणून उलगडत जातात. चालीचा गौरव नाही, नुसता धिक्कारही नाही; ती चाल काय काम करते, एवढं शोधायचं. धर्माकडे समाजशास्त्राच्या नजरेने बघायचा याहून स्वच्छ धडा मला माहीत नाही. आजच्या नियमाने तो विद्यार्थी अर्जाच्या छाननीतच बाद झाला असता.

ते एकटे नव्हते. ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेलला गेले आणि तिथे जातींच्या इतिहासावर काम केलं. समाजशास्त्रज्ञ घुर्ये केंब्रिजहून आले आणि पुढे भारतातल्या साधूंवर लिहिलं. इरावतीबाई कर्वे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. महाराष्ट्रातल्या समाजशास्त्राचा पायाच मुळी बाहेर जाऊन घराकडे बघणाऱ्यांनी घातला. फरक इतकाच की त्यातली बहुतेक घरं शिकलेली होती. आता जेव्हा न शिकलेल्या घरांची पाळी आली, तेव्हा नियम आठवला.

कायद्याचा अडथळा असेल असं काहींना वाटतं. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई आहे. पण धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला आहे. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली सरकारी शाळांतलं बायबलवाचन थांबवलं, तेव्हाही धर्माचा तटस्थ अभ्यास चालेल असं म्हटलं होतं, आणि त्यानंतर तिथल्या सरकारी विद्यापीठांत धर्म-अभ्यासाचे विभाग झपाट्याने वाढले. ब्रिटनमध्ये लँकेस्टरला असा पहिला विभाग १९६७ मध्ये नाइनियन स्मार्ट यांनी सुरू केला. देवाच्या असण्या-नसण्याचा निकाल वर्गाबाहेर ठेवायचा, ही त्यांची शिस्त. माळकरी मुलगा तिथे माळ न काढता बसू शकतो, आणि नास्तिकालाही कुणी हाकलत नाही.

पैशाचा हिशेब लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पालकांना उलटा वाटेल, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकेत या विषयातली एमए महाग पडते, पीएचडी नाही; चांगल्या विद्यापीठात पीएचडीला फी माफ असते आणि साधारण पाच वर्षं विद्यावेतन मिळतं, बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवावं लागतं. इंग्लंडची एमए एका वर्षात संपते पण खिसा रिकामा करते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. मात्र दक्षिण आशियाच्या अभ्यासासाठी नावाजलेलं हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे, ते युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. शिष्यवृत्ती लागते ती या एमएच्या उंबरठ्यावर, आणि तिथेच ती ओळ आडवी पडलेली आहे. दार कोणतं ठोठवायचं हेही नीट बघावं. चर्चचे पाद्री घडवणाऱ्या विभागात अर्ज करून मग पस्तावणारे असतात. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, धर्म-अभ्यास, दक्षिण आशिया अभ्यास अशी चार दारं आहेत, आणि कोणत्या दारामागे आपल्या विषयाचं माणूस बसलंय हे विद्यापीठाच्या नावापेक्षा महत्त्वाचं. तिकडच्या विद्यार्थ्याची दोन वर्षं नुसती मराठी शिकण्यात जातात. आपल्याकडच्या पोराला मराठी, हिंदी आणि मोंढ्यात ऐकून ऐकून दखनीही येत असते. निजामाच्या काळातल्या दफ्तरासाठी त्याला उर्दू लिपी गिरवावी लागेल, एवढंच.

‘पाऊस नाही, सोयाबीनला भाव नाही, आणि तुम्ही धर्म काय शिकवताय?’ हा आक्षेप मला दरवर्षी ऐकू येतो, बहुधा पुरोगामी मित्रांकडून. त्यांनी २०२४ चा दसरा आठवावा. एकाच दिवशी बीड जिल्ह्यात नारायणगडावर मनोज जरांगे यांचा मेळावा झाला आणि सावरगावच्या भगवान भक्तिगडावर पंकजा मुंडे यांचा. दोन गड, दोन समाज, एकच मुहूर्त. वाहिन्यांनी गर्दी मोजली, जातीची बेरीज-वजाबाकी केली. पण मेळावा गडावरच का? तो एखाद्या क्रीडांगणावर का नाही? महंताच्या शब्दाला आमदाराच्या शब्दाइतकं वजन कुठून आलं? ऊसतोडीला निघण्याआधीचा हा दिवस मजुराच्या वर्षात कुठे बसतो? याचं उत्तर वर्तमानपत्रात मिळालं नाही, कारण ते कुणी वर्षभर तिथे राहून शोधलेलं नाही. आरक्षणापासून देवस्थान इनाम आणि वक्फच्या जमिनींपर्यंत मराठवाड्याचा प्रत्येक तापलेला प्रश्न कुठल्या ना कुठल्या गडावरून, देवळावरून, दर्ग्यावरून जातो. धर्म बाजूला ठेवून दुष्काळ समजत नाही, असं मी म्हणणार नाही. पण दुष्काळात माणूस कुणाकडे हात पसरतो, हे तरी समजलं पाहिजे ना.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: बाहेर शिकून येतात आणि आपल्याच धर्माची लाज काढतात. २००४ च्या जानेवारीत एका अमेरिकी अभ्यासकाच्या पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तो विसरण्यासारखा नाही. अभ्यासक हजारो मैल दूर होता, मार बसला तो इथल्या कपाटांना आणि पोथ्यांना. आता कल्पना करा, लेखक दूरचा नाही, माजलगाव तालुक्यातला आहे. त्याच्या वडिलांचं गावात किराणा दुकान आहे, बहिणीचं लग्न व्हायचंय. परदेशी विद्यापीठं संशोधनाला परवानगी देताना मुलाखत देणाऱ्यांची काळजी घेतात: लेखी संमती घ्या, नावं बदला. दोन हजार उंबऱ्यांच्या गावात ‘सप्ताह समितीचे अध्यक्ष, क’ म्हणजे कोण, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि लिहिणाऱ्याची काळजी घेणारी कोणतीच समिती नसते. म्हणून मी मुलांना सांगतो की आपल्या गावावर लिहू नका. दोन तालुके सोडून जा. नांदेडच्या मुलाने तुळजापूर घ्यावं, धाराशिवच्या मुलीने हुजूर साहिबच्या लंगरात जाऊन बसावं. आपल्या पाहुण्यारावळ्यांच्या पंगतीत बसून टिपणं काढता येत नाहीत.

बाहेरचं सगळं सोनं आहे, असंही नाही. तिथे विषयांच्या फॅशनी असतात. चार-पाच युरोपी विचारवंतांची नावं घेतल्याशिवाय पान पुढे सरकत नाही, आणि कधी कधी पोतराज बिचारा त्यांच्या सिद्धान्ताला तळटीप म्हणून उरतो. शिवाय सगळं इंग्रजीत. पुस्तकाची किंमत डॉलरमध्ये, आणि ज्या गावात माहिती गोळा केली त्या गावात एकही प्रत पोचत नाही. सरकारला शिष्यवृत्तीवर अट घालायचीच असेल, तर ती इथे घालावी. भारतावर खुशाल लिही, पण प्रबंधाचा मराठी गोषवारा संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या विद्यापीठात, आणि जिथे काम केलं त्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात जमा कर. दहा वर्षांत शंभर पानांचे वीस-पंचवीस गोषवारे जमले, तर आमच्या एमएच्या वर्गाला ऑस्ट्रेलियाला जावं लागणार नाही.

‘परत आल्यावर नोकरी कुठे?’ असं पालक विचारतात, आणि त्यावर मी गोड बोलत नाही. धर्म-अभ्यासाचे स्वतंत्र विभाग महाराष्ट्रात जवळपास नाहीत. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात आहे, तसा इथे हवा. समाजशास्त्राच्या जागा निघतात, पण भरतीला वर्षानुवर्षं लागतात, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांचे हाल आपण सगळे बघतोच आहोत. काही जण परत येणार नाहीत. नाही आले तरी सिएटल किंवा लंडनमध्ये मराठवाड्यावर बोलणारा माणूस मराठवाड्याचा असेल, आणि तिथे हाताखाली येणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला तो खुलताबादच्या उरसात उतरायला कुणाच्या घरी सांगायचं, हे सांगू शकेल.

मराठवाड्यातून लोकसभेवर आठ खासदार जातात. मार्गदर्शक सूचनांमधली ती ओळ संसदेने केलेला कायदा नाही. मंत्रालयाने घातली, मंत्रालय काढू शकतं. आठांपैकी एकाने लेखी प्रश्न टाकून एवढं विचारावं: २०२२ पासून या ओळीमुळे किती अर्ज नाकारले गेले, त्यात महाराष्ट्रातले किती, आणि ते कोणत्या विषयांवरचे होते?